रानभाजीची टोपली तुमच्या नोंदवहीत यावी: मुंबई महानगर प्रदेशातील जैवविविधता समित्यांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
जैवविविधता व्यवस्थापन समित्या,
मुंबई महानगर प्रदेशातील सर्व महानगरपालिका

विषय: शहराच्या स्वयंपाकात येणाऱ्या स्थानिक भाज्या, धान्ये आणि मासे यांची समितीच्या कामात दखल घेण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

बृहन्मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि पनवेल या नऊही महानगरपालिकांच्या समित्यांना मी हे पत्र एकत्रितपणे लिहीत आहे, कारण ज्या विषयाबद्दल लिहायचे आहे तो कोणत्याही एका पालिकेच्या हद्दीत मावणारा नाही. मी डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र चालवते. रोज काय शिजणार हे मला आदल्या संध्याकाळी ठरवावे लागते आणि बाजारात काय मिळते, कोणाकडे मिळते, कोणती गोष्ट दरवर्षी थोडी कमी होत चालली आहे, हे कामाचा भाग म्हणून पाहावे लागते. या पाहण्यातून माझे असे ठाम मत झाले आहे की, शहर काय शिजवते यावर भोवतालच्या डोंगरांत, भाताच्या खाचरांत आणि खाड्यांत काय टिकून राहणार हे बऱ्याच अंशी ठरते. म्हणून ज्यांच्यावर जैवविविधतेची जबाबदारी कायद्यानेच सोपवलेली आहे, त्या आपल्या समित्यांनी मंडई आणि स्वयंपाकघर ही आपल्या कार्यक्षेत्राबाहेरची ठिकाणे मानू नयेत, अशी माझी विनंती आहे.

या विनंतीला कायद्याचा आधार आहे. जैविक विविधता अधिनियम २००२ च्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करायची असते आणि त्या समितीच्या कामांत अधिवासांच्या जपणुकीबरोबरच पिकांचे स्थानिक व लोकपरंपरेतील वाण राखणे आणि जैवविविधतेविषयीच्या ज्ञानाची नोंद करणे, यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने लोक जैवविविधता नोंदवह्या, म्हणजे स्थानिक जैवविविधता आणि तिच्याविषयीचे लोकांचे ज्ञान टिपणाऱ्या समित्यांच्या वह्या, पूर्ण करण्यासाठी जानेवारी २०२० अखेरची मुदत घातली, तेव्हा देशभर या कामाला एकदम वेग आला. घाईत झालेल्या कामात जे सहज दिसते त्याची नोंद आधी होते, आणि शहरात सहज दिसतात ती उद्यानांतील झाडे, तलावावरचे पक्षी आणि रस्त्याकडेचे वृक्ष. ती नोंद मोलाची आहेच. परंतु आपल्या शहरांचा भोवतालच्या निसर्गाशी जो सर्वात जुना आणि रोजचा व्यवहार आहे, तो पोटाचा आहे, आणि त्याची नोंद करायची तर सकाळी स्थानकाबाहेरच्या पदपथावर बसलेल्या बाईच्या टोपलीपाशी जावे लागेल.

शेवळे या रानभाजीचेच उदाहरण घेते. मे महिन्याचा शेवट आणि जूनची सुरुवात, पहिल्या वळवाने जमीन भिजली की कल्याण, बदलापूर, शहापूर, वसई, पालघर या भागांतल्या डोंगरउतारांवर जमिनीतल्या कंदातून पानांच्या आधी फुलोरा वर येतो. तो मिटलेला असतानाच खुडून, त्याच्या जुड्या बांधून ठाकर, कातकरी, वारली समाजांतल्या बाया सकाळच्या गाडीने शहरात येतात. वनस्पतिशास्त्र या वनस्पतीला सुरणाच्या कुळाशी जोडते, आणि सुरणासारखीच हीदेखील खाजरी असते. तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून शेवळे निवडताना वरची पानांसारखी आवरणे काढून आतल्या दांड्यावरचा पिवळसर दाणेदार भाग काढून टाकावा लागतो, उरलेले बारीक चिरून तेलावर चांगले परतावे लागते आणि मग त्यात आंबट घालावे लागते. हे आंबट म्हणजे काकड. काकड हे जंगली झाडाचे हिरवे, आवळ्याएवढे फळ आहे. जाणती विक्रेती शेवळांच्या जुड्यांशेजारी काकडांचा वाटा मांडूनच बसते, आणि न मागता विचारते की काकडे आहेत ना घरी. ज्याला ती माहीत नाहीत त्याला ती भाजी कशी करायची हे सांगितल्याशिवाय जुडी देत नाही, कारण घसा खाजला तर गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही, हे तिला पक्के ठाऊक असते.

या एका भाजीत काय काय सामावलेले आहे ते आपण पाहावे. जमिनीत न हलवलेला कंद हवा, म्हणजे उतारावरची माती यंत्राने खरवडलेली असता कामा नये. काकडाचे झाड हवे, तेही फळावर आलेले. दोन्ही एकाच पंधरवड्यात हाती यायला हवीत. ती ओळखणारी, कोणता फुलोरा खुडायचा आणि कोणता सोडायचा हे जाणणारी बाई हवी. आणि शहरात ती भाजी निवडून, चिरून, सोडे किंवा कोलंबी घालून अथवा वालाच्या डाळिंब्या घालून शिजवणारे घर हवे. ठाण्या-मुंबईतल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू आणि पाठारे प्रभू घरांत शेवळांना जो मान आहे, तो मान ही काही निव्वळ हौस नव्हे. त्या घरांच्या जिभेने ठाणे आणि रायगडच्या टेकड्यांवरच्या एका वनस्पतीला इतकी वर्षे गिऱ्हाईक पुरवले आहे. यातला एक दुवा तुटला की बाकीचे सैल होतात. शिजवणारे कमी झाले तर बाई शेवळे आणायची थांबते. ती थांबली की तिच्या मुलीला काकडाचे झाड ओळखण्याचे कारण उरत नाही. आणि ज्या झाडाला कोणी ओळखत नाही, ते तोडताना कोणाचा हात अडत नाही.

माझ्या केंद्रावर मी हंगामात शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटोली आणि बांबूचे कोंब करते. टाकळ्याची कोवळी पाने पहिल्या पावसानंतर थोडेच दिवस चांगली असतात, नंतर ती जून होतात. भारंगीची पाने आणि फुले दोन्ही खाल्ली जातात, पण वेगवेगळ्या वेळी. करटोलीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा, त्यामुळे रानात फळ मिळायचे तर दोन्ही वेल आणि त्यांच्यामध्ये ये-जा करणारे कीटक शाबूत लागतात. हे सगळे मला पुस्तकातून कळलेले नाही, भाजी देणाऱ्या बायांनी सांगितले आहे. हे ज्ञान नोंदवण्यासाठीच तर आपल्या नोंदवहीची योजना आहे. नोंदवहीत वनस्पतीच्या नावापुढे ‘उपयोग: खाद्य’ एवढेच लिहिले, तर कामाचा गाभा बाहेरच राहतो. कोणता भाग, कोणत्या महिन्यात, कशाबरोबर, कोणती काळजी घेऊन, आणि तो पुढच्या वर्षी पुन्हा यावा म्हणून किती सोडून द्यायचा, हे लिहिले तरच ती नोंद ज्ञानाची नोंद ठरेल.

आता बाजाराच्या रचनेबद्दल. आपल्या शहरांना लागणारी बहुतेक भाजी वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतून येते. शेकडो किलोमीटरचा प्रवास, दोन-तीन हातांतली विक्री आणि दुकानातले दोन दिवस एवढे सहन करू शकणाऱ्या भाज्याच या साखळीत टिकतात: कोबी, फ्लॉवर, सिमला मिरची, बटाटा. या व्यवस्थेने शहराचे पोट भरले आहे आणि तिच्याबद्दल माझी तक्रार नाही; माझे केंद्रही तिच्यावर चालते. परंतु जी भाजी दुपारपर्यंत कोमेजते, जिचा हंगाम तीन आठवड्यांचा असतो, जी एका वेळी दोन टोपल्याच येते, तिला या साखळीत जागाच नाही. मग तिला पदपथाखेरीज दुसरी जागा उरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात अन्नासाठी लागवड केल्या जाणाऱ्या सुमारे ६,००० वनस्पती जातींपैकी २०० हून कमी जातींचाच अन्न उत्पादनात लक्षणीय वाटा आहे, आणि एकूण पीक उत्पादनातला ६६ टक्के वाटा केवळ नऊ पिकांचा आहे. ही जागतिक आकडेवारी मला माझ्या ओट्यावर रोज दिसते. आठवड्याच्या डब्यांची यादी मी सोयीने केली, तर ती बटाटा, फ्लॉवर, कोबी, वांगी, भेंडी यांतच संपते.

रानभाज्यांवर इतके लिहिले याचा अर्थ शेतातले वाण कमी महत्त्वाचे आहेत असा नाही. उलट आपल्या प्रदेशासाठी ते अधिक निकडीचे आहेत. पनवेल, उरण, पेण या भागांत खाडीचे पाणी बांधाने आणि उघाड्यांनी (बांधातल्या झडपांनी) अडवून तयार केलेली खारबंदिस्तीची भातशेती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. या जमिनीत मीठ असते आणि तिथे सर्वसाधारण भात तग धरत नाही. तिथल्या शेतकऱ्यांनी निवडत निवडत टिकवलेला भात म्हणजे राता. तांबूस दाण्याचा, जाडसर, भाकरीला आणि पेजेला चांगला. कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने या स्थानिक भातांतून निवड करूनच काळा राता १-२४ आणि भुरा राता ४-१० हे वाण पुढे आणले. समुद्राची पातळी वाढते आहे आणि किनाऱ्याची जमीन अधिक खारी होणार आहे, अशा काळात मीठ सोसणारा भात ज्या खाचरांत उभा राहतो ती खाचरे आपल्या महानगराच्या कुशीतच आहेत, ही किती मोठी गोष्ट आहे! बियाणे शीतगृहात ठेवता येते, पण शीतगृहातले बियाणे बदलत्या खारेपणाशी जुळवून घेत नाही. ते काम केवळ दरवर्षी पेरल्या जाणाऱ्या शेतातच होते. आणि शेतकरी ते पेरणार कधी, तर तांबडा तांदूळ कोणी विकत घेणार असेल तेव्हाच. पनवेलच्या कोणत्या उपाहारगृहात आज रात्याची भाकरी मागता येते?

भात कापल्यावर त्याच खाचरांत, ओलाव्यावरच, पाणी न देता वाल घेतले जातात. रायगडचे हे कडवे वाल मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंच्या साहाय्याने जमिनीत नत्र साठवतात आणि पुढच्या भाताला त्याचा फायदा होतो. वालाची शेंग कोवळी असताना भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात भाजून ‘पोपटी’ नावाचा पदार्थ होतो; वाळलेला वाल पावसाळाभर घरात असतो. रात्री भिजत घालायचा, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा, तेव्हा कुठे बिरड्याला डाळिंब्या तयार होतात. या सोलण्याच्या कष्टापायी वाल घराघरांतून जात आहेत, हे मी डब्याच्या मागणीवरून सांगू शकते: ज्यांच्या घरी बिरडे होत नाही त्यांच्याकडूनच बिरड्याची मागणी सर्वाधिक येते. म्हणजे चव टिकून आहे, वेळ नाही. इथे महिला बचत गटांना काम आहे. सोललेल्या डाळिंब्या रोज ताज्या मिळाल्या तर वालाचा खप वाढेल, आणि वालाचा खप वाढला तर भातानंतर पडीक राहणारी खाचरे पुन्हा हिरवी होतील. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती देशी बियाण्यांच्या जपणुकीसाठी. त्यांच्या बियाण्यांच्या संग्रहात वाल-घेवड्याचे अनेक प्रकार आहेत. ते बियाणे जपणारी माणसे डोंगरात आहेत, ते खाणारी माणसे शहरात हवीत.

वसईच्या राजेळी केळ्यांची सुकेळी (सुकवलेली केळी), बहाडोलीची जांभळे, वाड्याचा कोलम यांच्याबद्दल स्वतंत्रपणे लिहिता येईल. इथे एवढेच सांगते की, नावाला मान मिळाला म्हणून वाण वाचतो असे नाही. वाडा कोलमला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तरीही त्या नावाने दुकानात जो तांदूळ मिळतो तो वाड्याच्या खाचरातला मूळ झिनी वाण आहे की दुसरीकडचा कोणता बारीक तांदूळ, हे ग्राहकाला कळण्याची सोय बहुतेक ठिकाणी नसते. आपल्या समितीने वाडा परिसरातल्या शेतकरी गटांची यादी शहरातल्या ग्राहक भांडारांना आणि गृहनिर्माण संस्थांना दिली, तरी मोठे काम होईल.

एका धोक्याविषयी मात्र स्पष्टपणे बोलले पाहिजे. शहराची भूक मोठी आहे, आणि तिने एखाद्या रानभाजीवर अविचाराने झडप घातली तर ती भाजी संपेल. फोडशीची पाने कापून घेतली तर मूळ जमिनीत राहते आणि पुढच्या पावसात ती पुन्हा फुटते. मुळासकट उपटली तर त्या जागी पुन्हा काही येत नाही. बांबूच्या बेटातले सगळेच कोंब कापले तर बेट म्हातारे होते. शेवळाचा कंद जमिनीत राहतो हे खरे, पण प्रत्येक फुलोरा खुडला गेला तर बी धरणार कुठून? म्हणून रानभाज्यांना ‘सुपरफूड’ म्हणून घरपोच पेट्यांतून विकण्याचे जे प्रयत्न चालू झाले आहेत, त्यांच्याकडे मी काळजीनेच पाहते. ज्या बायांना हे रान आपले वाटते आणि ज्यांना पुढच्या वर्षी त्याच उतारावर परत जायचे आहे, त्यांच्या हातातून भाजी आली तर तिला आपोआप मर्यादा राहते. मधल्या व्यापाऱ्याने मजुरी देऊन टेम्पो भरायला सुरुवात केली की ती मर्यादा जाते. वन हक्क कायदा २००६ ने गौण वनोपजावरचा हक्क वननिवासींचा मानला आहे. शहराने खरेदी करतानाही तो हक्क त्यांचाच मानावा, भाव त्यांना मिळावा आणि प्रमाण त्यांनी ठरवावे.

माशांबाबत मी थोडक्यात लिहिते, कारण त्याविषयी कोळी समाजातल्या जाणत्या मंडळींनी बोलणे अधिक योग्य होईल. राज्य शासनाने २०२३ मध्ये ५४ प्रजातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, म्हणजे त्याहून लहान मासा पकडायचा नाही. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा दर्जा मिळाला. हा नियम बंदरावर पाळायचा आहे, पण त्याचे बळ ग्राहकाच्या नकारात आहे. तळव्यात मावणारी बारकी पापलेटे स्वस्त म्हणून डझनावारी विकली जातात आणि घेणाऱ्याला ती पिल्ले आहेत याची कल्पनाही नसते. पालिकांच्या मासळी बाजारांत नेहमी खपणाऱ्या दहा-बारा माशांची किमान आकाराची चित्रे, मूळ मापात, भिंतीवर रंगवायला फार खर्च येणार नाही. पूर्वीच्या स्वयंपाकाला हे भान वेगळ्या रीतीने होते. पावसाळ्यात मासे अंडी घालतात तेव्हा ताजी मासळी बंद आणि घरात सुकट, सोडे, वाकट्या यांचे डबे. आणि नेमक्या त्याच दिवसांत रानभाज्या दारात. शेवळांत सोडे पडतात ते यामुळेच. समुद्राला विसावा देणारा आणि रानाकडे वळणारा हा क्रम कोणत्याही आहारतज्ज्ञाने आखलेला नव्हता.

शहरातल्या लोकांना आता हे खायचे नाही, असे कोणी म्हणेल तर त्याने ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी दादरच्या किंवा ठाण्याच्या बाजारात जावे. बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही या व्रतापायी त्या दिवशी अळू, लाल माठ, अंबाडी, पडवळ, शिराळे, सुरण, भोपळा, कणसे अशा भाज्यांचे वाटे लागतात, आणि एरवी अळू आणि पडवळ यांतला फरक न सांगता येणारी तरुण मंडळीही ते घेतात. भोगीला वालपापडी, पावटा, हरभरा, बोरे, तीळ यांचा तोच प्रकार. वर्षातून दोन-चार दिवस संपूर्ण शहर पंधरा-वीस प्रकारची स्थानिक भाजी मागते आणि बाजार ती पुरवतो. ही क्षमता आपल्याकडे आहे. तिला वर्षभर पसरवण्याचे काम राहिले आहे.

म्हणून आपल्या समित्यांकडे काही मागण्या करते. पहिली जागेची. पथविक्रेता अधिनियम २०१४ नुसार प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असते आणि विक्रेत्यांचे सर्वेक्षण होते. जी बाई जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले काही दिवसच येते, ती सर्वेक्षणाच्या दिवशी जागेवर असण्याची शक्यता कमी, आणि म्हणून तिच्याकडे प्रमाणपत्र नसण्याची शक्यता अधिक. मग अतिक्रमणाची गाडी आली की पहिली टोपली तिचीच उचलली जाते. दुपारपर्यंत टिकणाऱ्या भाजीची टोपली जप्त होणे म्हणजे तिचा दिवसच नव्हे, तर आदल्या दिवशीची डोंगरातली चढणही वाया जाणे. जैवविविधता समितीने पथविक्रेता समितीला लेखी शिफारस करावी की, प्रत्येक मोठ्या स्थानकाजवळ आणि मंडईच्या दाराशी हंगामी रानभाजी विक्रेत्यांसाठी सावलीची जागा, पिण्याचे पाणी आणि शौचालय यांसह राखून ठेवावी आणि तिच्यासाठी कोणतेही शुल्क घेऊ नये. कृषी विभाग पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवतो, ते चांगलेच आहे. पण सभागृहातल्या एका दिवसाच्या महोत्सवापेक्षा चार महिन्यांच्या पदपथावरच्या निर्धास्त जागेने अधिक भाजी शिजेल.

दुसरी मागणी नोंदवहीची, तिच्याबद्दल वर लिहिलेच आहे. त्यात एवढी भर घालते की, विक्रेत्या बायांना आणि शहरातल्या जाणत्या गृहिणींना समितीच्या बैठकीत निमंत्रित म्हणून बोलवावे, त्यांच्या वेळेचे मानधन द्यावे आणि नोंद त्यांच्या संमतीने, त्यांना वाचून दाखवून करावी. सोबत महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे अध्यापक असावेत, कारण रानभाजी ओळखण्यात चूक झाली तर ती जिवावर बेतू शकते आणि एकाच नावाने दोन तालुक्यांत दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात.

तिसरी मागणी पालिकेच्या स्वतःच्या स्वयंपाकघरांची. शाळांतल्या पोषण आहाराचा तांदूळ केंद्र सरकारकडून येतो आणि तो बदलणे आपल्या हाती नाही, हे मला माहीत आहे. पण भाजी स्थानिक पातळीवरच घेतली जाते; पालिकेची रुग्णालये, उपाहारगृहे आणि सभा-समारंभ यांचे जेवणही पालिकाच ठरवते. निविदेत आठवड्यातून एकदा वाल, एकदा नाचणी, आणि हंगामात एकदा स्थानिक पालेभाजी एवढी अट घातली तरी पुरवठादाराला ती शोधावी लागेल. मी जे शेकड्यात करते ते पालिका हजारोंत करू शकते, आणि शेतकऱ्याला बियाणे राखायला तेवढा भरवसा पुरतो. रानातून गोळा केल्या जाणाऱ्या भाज्यांना मात्र या निविदांमधून वगळावे. तिथे लागवडीच्या भाज्या आणि धान्येच असावीत, कारण रानावर निविदेचे ओझे टाकणे योग्य होणार नाही.

आणि चौथी उद्यानांची. पावसाळ्यात पालिकेच्या मोकळ्या जागांवर टाकळा, कुर्डू, घोळ उगवते ते ‘गवत’ म्हणून सरसकट कापले जाते किंवा त्यावर तणनाशक मारले जाते. टाकळ्यावर फिकट पांढऱ्या-हिरवट फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. घोळीच्या पानांवर अंडी घालणारे एक फुलपाखरू असे आहे की त्याची मादी बिबळ्या कडवा या दुसऱ्या फुलपाखराचे हुबेहूब रूप घेते. प्रत्येक उद्यानाचा एक कोपरा सप्टेंबरअखेरपर्यंत न कापता सोडावा. तिथली भाजी खायला घ्यावी असे मी म्हणत नाही, शहराची माती आणि रस्त्याकडेचा धूर पाहता ती घेऊ नये हेच बरे. पण मुलांना ती वनस्पती जिवंत दिसेल आणि अळ्यांना ती खायला मिळेल. नव्या वृक्षारोपणात काकड, भोकर, कोरळ, आंबाडा, शेवगा आणि कोयीपासून वाढवलेला रायवळ आंबा यांना जागा द्यावी. रायवळाचे प्रत्येक झाड वेगळे असते: कोणाचे फळ लोणच्याला, कोणाचे आमटीला, कोणाचे चोखून खायला. कल्याणपासून बदलापूरपर्यंत नव्या इमारतींसाठी अशी जुनी झाडे भराभर जात आहेत, आणि एक झाड गेले की त्याची चव जगात दुसरीकडे कोठेही उरत नाही. वृक्ष प्राधिकरणापुढे तोडीचा अर्ज येतो तेव्हा झाडाच्या फळाचा उपयोग आसपासच्या घरांना विचारून नोंदवावा आणि तोड अटळच असेल तर आधी त्याची कलमे बांधून घ्यावीत.

यांतली कोणतीही मागणी मोठ्या निधीची नाही. पहिल्या दोन मागण्यांसाठी तर वर्षभर थांबण्याचेही कारण नाही. मे महिन्याच्या मध्यापर्यंत जागा ठरल्या आणि पत्रे निघाली, तर शेवळांची पहिली जुडी येईल तेव्हा ती घेऊन येणाऱ्या बाईला बसायला हक्काची जागा असेल. नोंदवहीच्या कामासाठी माझ्या केंद्राचा ओटा, माझा वेळ आणि माझ्या ओळखीच्या विक्रेत्या बायांशी गाठ घालून देण्याची माझी तयारी आहे. आपल्यापैकी कोणत्याही समितीने कळवले, तर हंगाम सुरू होण्यापूर्वी मी भेटीला येईन.

कळावे,

आपली नम्र,
पोळी-भाजी केंद्र चालवणारी एक नागरिक,
डोंबिवली